औषध कोणाच्या हातचे?

सृष्टीतील कोणतीही वस्तू व्यर्थ निर्माण केलेली नाही, ही इस्लामची पायाभूत शिकवण आहे. पवित्र कुरआन माणसाला वारंवार पिकांकडे, फळांकडे आणि पावसाने जिवंत होणाऱ्या जमिनीकडे पाहून विचार करण्यास सांगतो. आदरणीय प्रेषितांनी (स.) आजारी माणसाला उपचार घेण्याचा आदेश दिला, आणि ज्याचे औषध अल्लाहने निर्माण केले नाही असा आजारच त्याने निर्माण केलेला नाही, अशी आशाही दिली. हीच आशा घेऊन मुस्लिम हकीम रानोमाळ हिंडले. तेराव्या शतकात अंदलुसियातील इब्नुल बैतार यांनी सुमारे १,४०० औषधी द्रव्यांची माहिती एका ग्रंथात संकलित केली. त्यांतील मोठा भाग वनस्पतींचा होता.

गेल्या काही दशकांत मात्र वनस्पती आणि औषध यांचे नाते एका वेगळ्याच वळणावर आले आहे. पूर्वी झाडात जे औषध आहे ते माणूस शोधून काढी. आता जे त्या झाडात नाही, तेही त्याच्याकडून तयार करवून घेतले जाते. इबोलासारखे किंवा कोरोनासारखे नवे विषाणू अचानक उद्भवतात, तेव्हा थोड्या अवधीत लस किंवा औषध तयार करण्याचा हा एक मार्ग ठरू शकतो. या मार्गासंबंधी शरीयतच्या दृष्टीने दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न सोपा आहे आणि बहुतेक लोक तेवढाच विचारतात. दुसरा अवघड आहे, आणि तो आपल्या घरापर्यंत, आपल्या मशिदीच्या देणगीपेटीपर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम ही पद्धत समजून घेऊ. या कामासाठी सर्वाधिक वापरली जाणारी वनस्पती म्हणजे ‘निकोटियाना बेंथामियाना’. ती तंबाखूच्या कुळातील आहे, परंतु विडी-सिगारेटच्या तंबाखूहून वेगळी. तिचे मूळ स्थान ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग. तिच्या एका जनुकात बिघाड असल्यामुळे विषाणूंशी लढण्याची तिची शक्ती दुबळी आहे. शेतकऱ्याच्या नजरेत हा दोष ठरेल, पण बाहेरून आणलेला जनुकीय संदेश ती सहज स्वीकारते ती याच दोषामुळे. दुर्बलतेतही अल्लाहने केवढा उपयोग ठेवला आहे, याचा हा बोलका दाखला होय.

शास्त्रज्ञ हव्या त्या प्रथिनाचा संदेश ‘ॲग्रोबॅक्टेरियम’ या मातीतील जिवाणूमध्ये घालतात. हरितगृहात काही आठवडे वाढवलेली रोपे उलटी करून त्या जिवाणूच्या द्रावात बुडवली जातात. भोवतालची हवा खेचून घेतली आणि मग परत सोडली की द्राव पानांच्या पोकळ्यांत शिरतो. पुढे साधारण आठवडाभरात पाने ते प्रथिन तयार करतात. मग पाने खुडून, वाटून, गाळून ते प्रथिन वेगळे केले जाते आणि शुद्ध केले जाते. विषाणूला बांधून टाकणारी प्रतिपिंडे अशा रीतीने मिळवता येतात. विषाणूसारखे दिसणारे, पण आत रोग पसरवणारा गाभा नसलेले पोकळ कणही मिळवता येतात, आणि लशीसाठी ते उपयोगी पडतात.

आता पहिला प्रश्न. हे हलाल आहे काय? फिकहचा सर्वमान्य नियम असा की जोवर निषेधाचा पुरावा नाही, तोवर वस्तू मूलतः वैध असते. तंबाखूच्या धूम्रपानाला अनेक उलमांनी निषिद्ध ठरवले ते त्याच्या घातक परिणामांमुळे. त्या रोपाच्या पानाला स्वतःची अशी कोणतीही अपवित्रता नाही. पानातून शुद्ध करून काढलेले प्रथिन नशा आणत नाही, शरीराचा घात करत नाही. काही लोक अल्लाहच्या निर्मितीत फेरबदल केल्याचा आक्षेप घेतात आणि सूरह निसाचा आधार देतात. तेथे निषेध आहे तो सैतानाच्या चिथावणीने जनावरांचे कान चिरण्यासारख्या अंधश्रद्ध विकृतीचा. रोग्याच्या उपचारासाठी केलेले हे काम त्या प्रकारचे नाही. शिवाय या पद्धतीत दिलेला संदेश पानापुरता आणि काही दिवसांपुरता असतो. तो रोपाच्या बीजात उतरत नाही. लसीकरणाच्या प्रत्येक मोहिमेत आपल्या मोहल्ल्यांतून डुकरापासूनच्या जिलेटिनविषयी शंका निघते. वनस्पतीच्या मार्गाने ती शंका पुष्कळशी टळू शकते. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंकोचपणे ‘होय’ असे देता येते.

परंतु औषध कशाचे आहे, हे कळल्याने ते कोणाच्या हातचे आहे, हा प्रश्न संपत नाही.

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली आणि ती ओसरेपर्यंत अकरा हजारांहून अधिक माणसे दगावली. तेव्हा या रोगावर एकही मान्यताप्राप्त औषध नव्हते. ‘झीमॅप’ नावाचे एक प्रायोगिक औषध मात्र अस्तित्वात होते. तीन प्रतिपिंडांचे हे मिश्रण याच रोपाच्या पानांत तयार केले जाई. ही पाने अमेरिकेच्या केंटकी राज्यातील ओवेन्सबरो येथील ज्या कंपनीच्या हरितगृहात वाढत, तिची मालकी ‘रेनॉल्ड्स अमेरिकन’ या सिगारेट उद्योगसमूहाकडे होती. ज्या धंद्याने फुप्फुसे जाळली, त्याच्याच छताखाली मरणाऱ्याला वाचवण्याची आशा वाढत होती.

त्या औषधाचा साठा बोटावर मोजण्याइतका होता. सिएरा लिओनमधील केनेमा येथील डॉ. शेख उमर खान हे लासा तापाचे नामवंत तज्ज्ञ. इबोलाच्या रुग्णांवर उपचार करता करता त्यांना स्वतःला तो रोग जडला. कैलाहुनच्या ज्या उपचारकेंद्रात त्यांना ठेवले होते, तेथे ‘झीमॅप’ उपलब्ध होते. ते द्यावे की नाही, यावर डॉक्टरांनी दीर्घ चर्चा केली. औषध माणसावर तपासलेले नव्हते, आणि अपाय झाला तर लोकांचा उपचारांवरील विश्वास उडेल, अशी भीती होती. शेवटी ते दिले गेले नाही. २९ जुलै २०१४ रोजी डॉ. खान यांचा मृत्यू झाला. काही दिवसांतच लायबेरियात आजारी पडलेल्या दोन अमेरिकन सेवकांना तेच औषध मिळाले आणि ते दोघेही वाचले. ते औषधामुळेच वाचले, असे म्हणता येत नाही. निर्णय घेणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचेही कारण नाही. पण औषध ज्याच्या ताब्यात, निर्णयही त्याच्याच ताब्यात, हे कटू सत्य या घटनेने दाखवून दिले.

पुढे काँगोमध्ये झालेल्या चाचणीत ‘झीमॅप’ घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्मे दगावले. दुसऱ्या दोन प्रतिपिंड-औषधांच्या बाबतीत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये ‘झीमॅप’ बाजूला ठेवण्यात आले. वनस्पतीचे आहे म्हणून औषध आपोआप श्रेष्ठ ठरत नाही, ही जाणीवही येथे ठेवली पाहिजे.

दुसरी घटना कॅनडातील आहे. क्यूबेक शहरातील ‘मेडिकागो’ कंपनीने याच रोपापासून ‘कोविफेन्झ’ ही कोरोनाची लस बनवली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी कॅनडा सरकारने तिला मान्यता दिली. वनस्पतीपासून बनलेली, माणसासाठी मान्यता मिळालेली ही जगातील पहिली लस. साध्या शीतपेटीच्या तापमानात ती टिकत असे. गरीब देशांसाठी हा मोठा गुण होता. परंतु कंपनीत ‘फिलिप मॉरिस इंटरनॅशनल’ या सिगारेट कंपनीचा पाचवा हिस्सा होता. जागतिक आरोग्य संघटना या लशीला आपल्या आणीबाणीच्या यादीत स्थान देणार नाही, हे मार्च २०२२ मध्ये स्पष्ट झाले. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार २००३ साली झाला. त्याच्या कलम ५.३ नुसार आरोग्यधोरणे तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपणे बंधनकारक आहे. तंबाखू दरवर्षी जगात ७० लाखांहून अधिक बळी घेते. तिच्या व्यापाऱ्याच्या खांद्यावर आरोग्याची शाल कशी पांघरावी, असा संघटनेचा सवाल होता. डिसेंबर २०२२ मध्ये सिगारेट कंपनीचा हिस्सा ‘मित्सुबिशी’ समूहाने विकत घेतला. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच समूहाने ‘मेडिकागो’ बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

अशा प्रसंगी श्रद्धावंताने कोणती भूमिका घ्यावी? प्रेषितांच्या (स.) जीवनातील दोन प्रसंग मला येथे मार्गदर्शक वाटतात. वरवर पाहता ते परस्परविरोधी भासतात.

पहिला प्रसंग माननीय अबू हुरैरा (रजि.) यांचा. ते रमजानच्या जकातीच्या धान्यावर पहारा देत होते. एक चोर सलग तीन रात्री आला. तिसऱ्या रात्री पकडला गेल्यावर सुटकेच्या बदल्यात त्याने त्यांना एक उपयुक्त गोष्ट शिकवली: झोपण्यापूर्वी आयतुल कुर्सीचे पठण केल्यास रात्रभर रक्षण होते. प्रेषितांना (स.) हे कळले, तेव्हा त्यांनी सांगितले की तो पक्का खोटारडा आहे, परंतु ही गोष्ट त्याने खरी सांगितली. तो चोर म्हणजे सैतान होता. येथे सांगणाऱ्याच्या दुष्टपणामुळे सत्य फेकून दिले गेले नाही. तसेच सत्य सांगितले म्हणून सांगणाऱ्याला सज्जन म्हटले गेले नाही. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात, आपापल्या जागी ठेवल्या गेल्या.

दुसरा प्रसंग ‘मस्जिद-ए-जिरार’चा आहे, आणि त्याचा उल्लेख सूरह तौबामध्ये येतो. काही दांभिकांनी मदीनेजवळ एक मशीद उभारली आणि आजारी व गरजू लोकांच्या सोयीचे कारण पुढे केले. इमारत मशिदीची होती, कारण परोपकाराचे होते. मात्र खरा हेतू समाजात फूट पाडण्याचा आणि वैऱ्याला आसरा देण्याचा होता. अल्लाहने प्रेषितांना (स.) तेथे कधीही उभे राहण्यास मनाई केली. ज्या मशिदीचा पाया पहिल्या दिवसापासून ईशभयावर घातला गेला, ती अधिक योग्य असल्याचेही तेथेच सांगितले. अनेक भाष्यकारांच्या मते ती कुबाची मशीद होय.

एके ठिकाणी सैतानाकडूनही हिताची गोष्ट स्वीकारली गेली, तर दुसऱ्या ठिकाणी मशीदसुद्धा नाकारली गेली. यांतील भेद कशात आहे? माझ्या अल्पमतीनुसार तो दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट अशी की आयतुल कुर्सीचे ज्ञान स्वीकारल्याने चोराच्या चोरीवर पांघरूण पडले नाही. जिरारची मशीद स्वीकारली असती, तर तिच्या आडून चाललेल्या कारस्थानाला प्रतिष्ठा मिळाली असती. दुसरी गोष्ट अशी की जिरार नाकारणाऱ्याला कुबाचे दार उघडे होते. नमाज अडत नव्हती.

या दोन कसोट्या आपल्या विषयाला लावून पाहू. २०१४ च्या इबोलाग्रस्तासमोर कुबा नव्हती. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला औषध कोणाच्या हरितगृहात वाढले, हे विचारत बसण्याची सक्ती शरीयत करत नाही. विवशता निषिद्ध गोष्टींनाही मुभा देते, आणि येथे तर औषध मुळात निषिद्ध नव्हतेच. त्याने ते घ्यावे, डॉक्टराने ते द्यावे, आणि सिगारेटला मात्र आपण घातकच म्हणत राहावे.

२०२२ ची स्थिती निराळी होती. इतर लशी तोवर मान्य झाल्या होत्या, म्हणजे कुबा उभी होती. सिगारेट कंपनीला मिळणारी प्रतिष्ठा हा काल्पनिक धोकाही नव्हता. जी कंपनी एका हाताने व्यसन विकते आणि दुसऱ्या हाताने लस पुढे करते, ती उद्या कायदे करणाऱ्यांच्या मेजावर सन्मानाने बसू पाहते. म्हणून आरोग्य संघटनेने आपली मोहोर देण्यास नकार दिला, तो मला तत्त्वतः योग्य वाटतो. पापाच्या व आक्रमणाच्या कामात परस्परांना साहाय्य न करण्याची सूरह माइदाची शिकवण याच दिशेने जाते.

तरीही येथे थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. कुबा सर्वांपासून सारख्या अंतरावर नव्हती. श्रीमंत देशांत लोक तिसरी मात्रा घेत होते, तेव्हा आफ्रिकेतील कित्येक देशांत बहुसंख्य लोकांना पहिलीही मिळाली नव्हती. त्यांच्या बाबतीत दार बंद करणाऱ्यावर दुसरे दार उघडून देण्याची जबाबदारी येते. कलंकित हातचे पाणी ओतून द्यायचे असेल, तर तहानलेल्यासमोर स्वच्छ घागर आधी आणून ठेवावी लागते. एरवी आपल्या शुचितेची किंमत दुसऱ्याच्या प्राणाने चुकवली जाते, आणि त्याचा हिशेब परलोकात आपल्याकडे मागितला जाईल.

ही घागर कोणी आणायची? येथेच आपल्या समाजाचा संबंध येतो. वैद्यकाला आपल्या फकिहांनी ‘फर्ज-ए-किफाया’ म्हटले आहे. समाजातील काहींनी ते पार पाडले तर सर्व जण मोकळे होतात, कोणीच पार पाडले नाही तर सगळेच दोषी ठरतात. इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये नऊशे वर्षांपूर्वी खंत व्यक्त केली होती की कित्येक नगरांत एकही मुस्लिम वैद्य नाही, आणि लोक मात्र फिकहच्या वादविवादांत गर्दी करत आहेत. मी स्वतः मदरशात वाढलेला माणूस आहे. फिकहचे मोल मी जाणतो, आणि म्हणूनच गझालींचे हे बोल मला टाळता येत नाहीत.

हे कर्तव्य पार पाडल्याची उदाहरणेही आहेत. १२८४ साली कैरोत सुलतान कलावून यांनी उभारलेले रुग्णालय वक्फच्या उत्पन्नावर चाले आणि तेथे गरिबांवर विनामूल्य उपचार होत. आपल्या मुंबईत ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली ‘सिप्ला’ची स्थापना केली. २००१ मध्ये त्यांचे पुत्र युसूफ हमीद यांनी एड्सच्या विषाणूविरुद्धची तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी जाहीर केली. तोवर पाश्चात्त्य कंपन्या त्यासाठी १०,००० डॉलरहून अधिक रक्कम घेत होत्या. आफ्रिकेतील असंख्य रुग्णांसाठी दुसरे दार उघडले ते असे. वनस्पतीच्या मार्गातही सगळी वाट सिगारेट कंपन्यांच्या अंगणातून जात नाही. थायलंडमध्ये चुलालोंगकोर्न विद्यापीठातील दोन महिला शास्त्रज्ञांनी स्थापन केलेल्या कंपनीने याच रोपापासून कोरोनाची लस बनवून २०२१ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू केल्या. त्यासाठी सामान्य नागरिकांना देणग्यांचे आवाहन केले गेले. अशा संशोधनासाठी लागणारे मूळ भांडवल म्हणजे हरितगृह, प्रयोगशाळा आणि शिकलेली माणसे. आपल्या वक्फच्या जमिनी आणि आपली हुशार मुले-मुली या कामी का येऊ नयेत?

शेवटी घरातील गोष्ट. आपल्या वस्त्यांत विडी वळणाऱ्या भगिनी आहेत, मिस्री लावणाऱ्या आजी आहेत, गुटख्याची पुडी फोडणारी पोरे आहेत. त्याच मालाचा एखादा ठोक व्यापारी मशिदीला रुग्णवाहिका देऊ करतो, तेव्हा विश्वस्तांपुढे तोच प्रश्न उभा राहतो जो जागतिक आरोग्य संघटनेपुढे होता. कसोट्याही त्याच आहेत. रात्री दोन वाजता प्रसूतीसाठी अडलेल्या बाईला त्याच्या गाडीतून नेण्यास कोणतीही हरकत नाही, ते कर्तव्यच आहे. पण त्या गाडीवर त्याच्या दुकानाचे नाव रंगवणे, जलशात त्याला हार घालणे आणि पुढच्या जुम्याच्या खुतब्यातून तंबाखूचा विषय वगळणे, ही जिरारच्या मशिदीतील नमाज होय. मग चार-चार रुपये गोळा करून समाजाने स्वतःची रुग्णवाहिका उभी करावी. तिला वेळ लागेल, ती कदाचित जुनी असेल, पण तिच्या बदल्यात कोणाला गप्प बसावे लागणार नाही.

अल्लाहने ज्या रोपाच्या दुबळेपणात औषधाची वाट ठेवली, त्याने आपल्या हातांतही पुष्कळ काही ठेवले आहे. मिळालेले हित नम्रपणे घेण्याची, घातकाला घातक म्हणण्याची आणि इतरांसाठी स्वच्छ दार उघडण्याची शक्ती तो आपणा सर्वांना देवो. आमीन.